परत आलेले काम

अकोल्यात मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, ते घरमालक रस्त्यात उभ्या असलेल्या अनोळखी गाड्यांच्या चाकांना हात लावत. तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू. तळहाताची कातडी तीस वर्षांच्या कामाने निबर झाली आहे, तिला गरम-गार कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंगल कार्यालयाबाहेर, दवाखान्यासमोर, भाजीबाजाराच्या कडेला ते एकेका गाडीपाशी वाकत आणि पुढे जात. एखादे चाक नको तेवढे गरम लागले की खिशातून कागद काढून चिठ्ठी लिहीत आणि वायपरखाली अडकवत: "तुमचा पुढचा उजवा ब्रेक धरून राहिला. दाखवून घ्या." खाली नाव नसे, फोन नंबर नसे. त्यामुळे जाहिरातीचा संशय कोणाला आला नाही. चोरीचा दोनदा आला. त्यातल्या एका वेळी मी सोबत होतो. आम्ही एका लग्नाला गेलो होतो आणि मंगल कार्यालयाच्या वॉचमनने त्यांची कॉलर धरली होती.

"काय करून राहिले तुमी चाकापाशी?"

"ताप पाहून राहिलो."

"कोणाचा?"

"गाडीचा. तुया नाई. तू काहून घाबरून राहिला?"

वॉचमनने त्यांना फाटकाबाहेर काढले. आम्ही न जेवता परत आलो. वाटेत त्यांनी आणखी तीन गाड्या पाहिल्या.

ते फक्त ब्रेकचे काम करत. इंजिनाला हात लावत नसत. आधी एका जिनिंग कारखान्यात लोखंडी भाग कातणारे टर्नर होते. कारखाना बंद पडल्यावर लेथ मशीन घरी आणले आणि अंगणाच्या एका बाजूला पत्र्याची शेड टाकली. "गाडी चालू करून देणारे अकोल्यात गल्लोगल्ली हायेत," असे ते नव्या गिऱ्हाइकाला सांगत, "ती उभी राहिली पाह्यजे तं माह्याकडे या." त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्या जुन्या असत, ज्यांचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत अशा. अमरावती, अकोला, कधी नागपूरहूनही हौशी मालक येत. शेडमध्ये एका वेळी एकच गाडी.

एका जागी पंधरा मिनिटे बसलेले मी त्यांना तीन वर्षांत पाहिले नाही. जेवण उभ्याने, चहा चालता चालता. न्हाव्याकडे अर्धे केस कापून झाले की उठून जात आणि उरलेले दुसऱ्या दिवशी कापून घेत. एकदा पुतण्याच्या सोयरिकीसाठी पाहुण्यांच्या गाडीतून अमरावतीला निघाले असताना त्यांनी मूर्तिजापूरला गाडी थांबवायला लावली आणि उतरले. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, एवढेच कारण सांगितले. पाहुणे पुढे गेले. सोयरीक त्यांच्याशिवाय ठरली. ते रेल्वेने अकोल्याला परतले आणि स्टेशनावरून पायी घरी आले.

त्यांच्या कामाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. कॅलिपरच्या पोटात पिस्टन असतो आणि पिस्टनभोवती रबराची रिंग. पेडल दाबले की पिस्टन पुढे सरकून तबकडी धरतो. पाय काढला की तीच रिंग पिस्टनला केसभर मागे ओढते. जुन्या गाडीत पिस्टन गंजतो, रबर कडक होते आणि ब्रेक सुटेनासा होतो. मग कॅलिपर काढायचा, हवेच्या दाबाने पिस्टन बाहेर काढायचा, आतला खळगा स्पिरिटने धुवायचा, पिस्टन नवा घडवायचा आणि नवी रिंग बसवायची. रिंग कोरडी बसवली तर चिरते. तिला तेल लावावे लागते आणि इथे मिस्त्री चुकतात, असे ते म्हणत. रबर पेट्रोल पिते, डिझेल पिते, मशीनचे तेल पिते आणि फुगते. एरंडेल पीत नाही. म्हणून रिंगला एरंडेलच.

ते एरंडेल खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत असे. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि काम झाले की उरलेल्या तेलाच्या पातळीवर ते पेन्सिलीने रेघ मारत. मी एकदा विचारले, एवढी मोजणी कशासाठी.

"उद्या बाटली पाह्यली तं कालची बाटली हेच हाये हे कसं समजीन?"

"दुसरी कोणती असणार?"

"तुमी पेपरवाले. तुमीच असं म्हणता?"

मी आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर अर्धे पान लिहिले. त्यात त्यांचेच वाक्य होते: तीस वर्षांत एकही काम परत आले नाही. अंक आला त्या सकाळी त्यांनी तो फाटकाशी उभे राहून वाचला आणि मला खाली बोलावले. त्यांनी दोन चुका दाखवल्या. त्यांचे वय मी दोन वर्षांनी कमी लिहिले होते आणि लेथ मशीनला ड्रिल मशीन म्हटले होते. परत न आलेल्या कामाचे वाक्य त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचले. "हे बरोबर हाये," म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मोर्शीहून एक संत्र्याचे व्यापारी आले. सगळे त्यांना शेठ म्हणत. वडिलांच्या वेळची जर्मन बनावटीची हिरवी गाडी त्यांनी ट्रकवर घालून आणली होती. बारा वर्षे ती गोदामात उभी होती. शेठच्या आईने ऐंशी ओलांडली होती. याच गाडीत बसून एकदा सेमाडोहचे जंगल पाहायचे, असे तिने घरात जाहीर केले होते.

पुढच्या दोन्ही कॅलिपरचे, प्रत्येकी दोन, पिस्टन गंजून चिकटले होते. घरमालकांनी चारही पिस्टन स्टेनलेस स्टीलमध्ये नवे घडवले. रिंगा परदेशातून मागवल्या, त्यांना दोन महिने लागले. मे महिन्यात रिंगा आल्या तेव्हा शेठ रोज फोन करू लागले होते. उजवा कॅलिपर एका दिवशी बसला. डावा दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायचा होता, तर सात वाजताच शेठ दारात हजर. काम करताना कोणी पाठीशी उभे राहिलेले घरमालकांना चालत नसे. शेठ पाठीशीच उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत राहिले. दुपारी एकला गाडी गेली.

चौथ्या दिवशी मी साडेनऊला ऑफिसला निघालो होतो. घरमालकांनी जिन्याखाली मला अडवले. त्यांच्या हातात तपकिरी बाटली होती.

"हे पाहा."

तेल रेघेच्या वर होते. दोन बोटे वर.

"उजव्या चाकाचं काम झालं तवा रेघ मारली मी. डाव्याले याच्यातूनच तेल लावलं, शेठच्या घाईत रेघ पाह्यलीच नाई. तेल कमी व्हाले पाह्यजे होतं."

त्यांनी शेडमधल्या काचेच्या पेल्यात स्पिरिट घेतले आणि बाटलीतले थोडे तेल त्यात ओतून काडीने ढवळले. एरंडेल स्पिरिटमध्ये विरघळते, हे त्यांनी मला आधी एकदा दाखवले होते. आज काडी बाहेर काढल्यावर पेल्याच्या तळाशी एक वेगळा थर साचला. तो हलवला की गोळे होत होते आणि पुन्हा खाली बसत होते.

"मशीनचं तेल," ते म्हणाले.

अंगणात काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सतरंजीवर गहू पसरून बसल्या होत्या. वर्षाच्या गव्हाला कीड लागू नये म्हणून तो एरंडेल चोळून कोठीत भरतात. हे काम आठवडाभर चालले होते. काकूंची शिलाई मशीन ओसरीत होती आणि तिच्या तेलाची बुधली खिडकीत. घरमालकांनी गव्हाकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. काकूंना काही विचारले नाही.

शेठचा फोन लागला नाही. मोर्शीच्या घरी लागला. त्यांच्या सुनेने सांगितले, "पहाटे पाचलेच निघाले. सासूबाई हायेत, आजी हाये, दोन पोरं हायेत. परवा येतीन."

"कुठं निघाले?"

"सेमाडोह."

फोन बंद करून ते अंगणात तीन फेऱ्या मारून आले. "तुमची मोटरसायकल काढा," म्हणाले.

मी ऑफिसला कळवले. अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता. ऊन इतके होते की हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता. ते मागे बसले होते, मांडीवर पान्यांची पिशवी. दर दहा मिनिटांनी खांद्यावरून वाकून काटा पाहत. साठच्या वर गेला की "हळू" म्हणत आणि साठच्या खाली आला की "चला". अकोटला मी पाण्यासाठी थांबलो. त्यांनी पाणी प्यायले नाही. पंपावर उभ्या असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी हिरव्या गाडीबद्दल विचारले.

"काकूंना विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "नक्की काय टाकलं ते."

"काय विचारायचं? पेल्यात दिसलं ना तुमाले." मोटरसायकलवर बसताना म्हणाले, "तेल घेतलं असीन गव्हाले. बाटली खाली दिसली तं मी बोंबलतो, म्हणून भरून ठेवली. तिचं काय चुकलं? भरली तं सही ना."

"मग चूक कोणाची?"

"रेघ कोण मारते?"

अंजनगावच्या पुढे त्यांनी मला नेमके काय होऊ शकते ते सांगितले. फुगलेली रिंग पिस्टनला मागे येऊ देत नाही. ब्रेक धरून राहतो. तबकडी तापते, मग आतले ब्रेकचे तेल तापते. ते उकळले की पेडल सरळ खाली जाते आणि गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर कदाचित काहीच कळणार नाही. परतवाड्यापासून घटांगपर्यंत चढ आहे. तिथून सेमाडोहपर्यंत उतार.

"म्हणजे आजच," मी म्हणालो.

त्यांनी वाकून पुन्हा काटा पाहिला. परतवाड्याच्या चौकात एका चहावाल्याने सांगितले की हिरवी गाडी सकाळीच वर गेली, म्हातारी पुढे बसली होती, पोरं हात हलवत होती. वनविभागाच्या नाक्यावरच्या गार्डनेही तेच सांगितले. घटांगनंतरच्या प्रत्येक वळणावर घरमालक मला वेग कमी करायला लावत आणि कठड्यापलीकडे वाकून पाहत. एका ठिकाणी खाली काही हिरवे चमकले. ते मोटरसायकल थांबण्याआधीच उतरले आणि पळाले. कोणीतरी टाकलेला प्लास्टिकचा कागद होता. परत येऊन बसताना त्यांचा श्वास मला पाठीवर जाणवत होता.

सेमाडोहला गाडी विश्रामगृहासमोर सागाच्या झाडाखाली उभी होती. वास्तविक तिथे सावली नव्हतीच, मे महिन्यात सागाला पाने नसतात. शेठची आई व्हरांड्यात खुर्चीवर बसून मुलांना संत्र्याच्या गोळ्या वाटत होती. जवळच्या कोलकासकडे चक्कर मारून ते वीस मिनिटांपूर्वीच परतले होते.

घरमालकांनी कोणाला नमस्कार केला नाही. त्यांनी उजव्या पुढच्या चाकाला हात लावला. मग डाव्याला लावला आणि झटकन ओढून घेतला. हातावर पाणी ओतले, जॅक लावला आणि चाक काढायला घेतले. शेठ आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले तेव्हा चाक जमिनीवर होते.

"मिस्त्री? तुमी? इथं?"

"हो."

"अहो काय करून राहिले? गाडी मस्त चालून राहिली. ब्रेक तं असा लागते..."

"लागते. सुटत नाई."

"कोण म्हणते? उतारावर थोडा जळका वास येत होता, तो तं जंगलातला. कोणी पालापाचोळा पेटवला असीन."

"तो वास मायाच होता," घरमालक म्हणाले आणि ब्रेकचा पाइप सोडला. तेल मातीत गळू लागले. मग ते उभे राहिले. "आता ही गाडी जात नाई. आता बोला काय बोलाचं ते."

शेठ बोलले. बराच वेळ बोलले. आईची हौस, पोरांची सुट्टी, बारा वर्षांनी बाहेर काढलेली गाडी. घरमालक कॅलिपर खोलत राहिले. शेवटी शेठ म्हणाले, "तुमीच सांगत होते, पेपरातही छापून आणलं. तीस वर्षांत काम परत आलं नाई म्हणे."

"आज आलं. मी घ्याले आलो."

"पण झालं काय? कोणाची चूक?"

"मायी. तेल न पाहता लावलं."

मी शेजारी उभा होतो. गहू, बुधली, स्पिरिटचा पेला, हे सगळे माझ्या ओठांवर आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पान्याने टायरवर एकदा टकटक केली. मी चाक उचलून बाजूला ठेवले.

पिस्टन हाताने निघाला नाही. ठोकून काढावा लागला. रिंग तिच्या खाचेतून बाहेर डोकावत होती, जाड आणि मऊ. त्यांनी ती शेठच्या हातावर ठेवली. शेठने ती बोटांत दाबून पाहिली आणि खुर्चीवरच्या आईकडे नेली. म्हातारीनेही दाबून पाहिली.

"हे गोष्ट सांगाले तू अकोल्याहून आला, बावा?" तिने विचारले.

"हो, माय."

"फोन नाई लागत का तुया?"

"तुमचा नाई लागत."

"मंग बरं झालं आला," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर एक संत्र्याची गोळी ठेवली. शेठ त्या दिवशी पुन्हा त्यांच्याशी बोलले नाहीत.

सगळे दुसऱ्या दिवशीच्या बसने खाली गेले. गाडी ट्रकवरून अकोल्याला आली. नव्या रिंगा यायला दीड महिना लागला. त्यांनी एरंडेल नवे आणले, काम पुन्हा केले, आणि गाडी न्यायला शेठ स्वतः आले नाहीत, ड्रायव्हर पाठवला. तोपर्यंत अमरावतीच्या जुन्या गाड्यांच्या मालकांच्या मोबाइल ग्रुपवर गोष्ट पसरली होती: मिस्त्रीने तेल न पाहता लावले, स्वतःच्या तोंडाने कबूल केले. ठरलेली दोन कामे आलीच नाहीत. एका माणसाने शेडमध्ये अर्धवट असलेली गाडी तशीच ओढून नेली. घरमालकांनी त्याला स्क्रूसुद्धा मोजून दिले. मी म्हणालो, खरे काय झाले ते मी लिहू शकतो. ते म्हणाले, "खरं तेच तं सांगतलं मी."

मग ते आमच्या अकोला ऑफिसात येऊ लागले. पुरवणीतले वाक्य आता चुकीचे आहे, ते दुरुस्त करा, ही त्यांची मागणी होती. मी अमरावतीच्या मुख्य कार्यालयात विचारले. संपादक हसले. शुद्धिपत्र आपण आपल्या चुकीचे छापतो, बातमीतल्या माणसाच्या चुकीचे नाही, असे त्यांनी सांगितले. शिवाय छापले तेव्हा ते वाक्य बरोबरच होते. मी हे घरमालकांना सांगितले. ते चार दिवस सलग आले. बसत नसत. टेबलांमधून फिरत, कूलरचे चाक तपासत, टेलिफोनची वायर सरळ करत. पाचव्या दिवशी आमच्या ब्युरो चीफने स्वतः अमरावतीला फोन लावला आणि म्हणाले, "छापा हो साहेब. काम करू देऊन नाई राहिले."

मजकूर मी लिहिला. त्यात "अनवधानाने" असा शब्द घातला होता. त्यांनी तो खोडला. चौथ्या पानावर तळाशी चार ओळी आल्या: पुरवणीतील लेखात अकोल्याच्या ब्रेक मिस्त्रींचे तीस वर्षांत एकही काम परत आले नाही असे म्हटले होते. एक काम परत आले आहे. चूक मिस्त्रींची होती.

त्या दिवशी मी दुपारच्या जेवणाला घरी आलो. काकू ओसरीत तांदूळ निवडत होत्या. घरमालक खांबापाशी उभे राहून जेवत होते.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "ह्यायचं काय आलं पेपरात? शेजारची वाचून दाखवून राहिली होती. कायची चूक म्हणे?"

"ते मोर्शीच्या गाडीचं," मी म्हणालो.

"ते मालूम हाये. झालं काय होतं तिले?"

घरमालकांचे चावणे थांबले. काकूंनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"तेलाचं तं नाई ना काही?"

बातमी देताना ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवावे, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले होते. हे मी पाहिलेले होते.

"नाही," मी म्हणालो. "रिंग तिरपी बसली होती."

काकूंनी सूप एकदा पाखडले. मग खाली ठेवले आणि नवऱ्याकडे वळल्या.

"मी सांगूनच राहिली होती. लय घाई करता तुमी. येक डाव नीट पाहून घ्याले काय जाते माणसाचं? लोकायची लेकरं बसते त्या गाडीत."

"हो," ते म्हणाले. "पाहून घ्याले पाह्यजे होतं."